बरगे वरून काढावेत

आमच्या बाई पुलावरून कधी नदी बघत नसत. पूल आला की अलीकडेच जीप थांबवायच्या, चपला काढून कॅनव्हासचे बूट चढवायच्या, साडीचा ओचा कमरेला खोचायच्या आणि धोंड्यांवरून खाली उतरायच्या. पलीकडच्या गावात जायचं असलं तरी आधी पाण्यात पाय, मग बाकीचं. एकदा मी कंटाळून म्हटलं, "बाई, इथून सगळं दिसतंय की."

"दिसतं ना," त्या म्हणाल्या. "एसटीच्या खिडकीतून लग्नही दिसतं. जेवायला मिळतं का?"

मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या नद्या-ओढ्यांची पाहणी करणारं आमचं छोटंसं पथक होतं. कुठल्या पाण्यात मासा टिकेल, तो अंडी कुठे घालेल, कुठली जागा राखली पाहिजे आणि कुठे माशांचं बीज सोडणं म्हणजे निव्वळ भाबडेपणा, हे ठरवण्याचं काम. बाई प्रमुख, मी दुय्यम. त्यांच्या नावाला एक चूक चिकटली आहे. अजूनही चार जुने लोक भेटले की त्यांचं कौतुक करून शेवटी म्हणतात, "पण त्या बंधाऱ्याचं तेवढं त्यांच्याकडून वाईट झालं." ते त्यांच्याकडून झालं नाही, माझ्याकडून झालं. मी आता म्हातारा झालो आहे, पण डोकं शाबूत आहे, आणि जे झालं ते जसंच्या तसं लिहिण्याइतकं आठवतं.

आधी बाई कशा आहेत ते सांगतो, नाहीतर पुढचं पटणार नाही.

त्या वाईच्या. घाटावर पोहायला शिकलेल्या. साडीवर पुरुषांचा लांब बाह्यांचा शर्ट घालायच्या आणि त्या शर्टाच्या खिशात कायम एक चहाची गाळणी असायची. नदीत उतरायचं, वाहत्या पाण्यातला एखादा धोंडा दोन्ही हातांनी उचलायचा, पालथा करायचा आणि त्याच्या पोटाला चिकटलेले किडे गाळणीत झटकायचे. पाण्याची परीक्षा त्या अशी करायच्या. यंत्रं होती आमच्याकडे, ती त्या वापरायच्याही, पण म्हणायच्या, "यंत्र आत्ताचं पाणी सांगतं. हे किडे इथे महिनोन् महिने राहतात. भाडेकरूला विचारा, घर कसं आहे ते." तीन शेपट्यांचे चपटे किडे, म्हणजे स्वच्छ पाण्याची खूण, दिसले की बाईंचा चेहरा खुलायचा. लाल, दोऱ्यासारख्या अळ्या दिसल्या की गाळणी झटकून मुकाट्याने पुढे.

किडे बघून झाले की धोंडा परत ठेवायचा. नुसता टाकायचा नाही. ज्या खळग्यातून उचलला त्याच खळग्यात, तीच बाजू खाली करून. मी सुरुवातीला तसाच सोडून द्यायचो, तर मागून आवाज यायचा, "अहो, कुणाचं तरी छप्पर आहे ते. दुसऱ्याच्या घरात डोकावून येताना दार उघडं टाकून येता का?"

ऑफिसातला चहा कुठल्या गाळणीने गाळला जातो, हा आमच्याकडे वादाचा विषय होता. मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "धुतलेली आहे." त्यानंतर मी कित्येक दिवस लिंबू सरबत प्यालो.

गावात गेलं की सरपंच खुर्च्या टाकून वाट बघत असायचे आणि बाई त्यांना नमस्कार करून सरळ बायकांकडे जायच्या. दोनच प्रश्न. "कपडे कुठे धुता?" आणि "म्हशी कुठे बसतात?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "का वं, तुमास्नी धुणं धुयाचं हाय का म्हस धुयाची?" बाई खदखदून हसल्या. पण त्या दोन प्रश्नांतून अर्धी नदी त्यांच्या हाताला लागायची. कपडे धुतात तिथे तळाला खडक आणि पाण्याला ओढ. म्हशी बसतात तिथे गाळ, ऊब आणि संथपणा. एकीकडे एक मासा, दुसरीकडे दुसरा.

मात्र नदीची पाहणी त्या नदीपासून सुरू करायच्याच नाहीत. जीप आधी डोंगराला न्यायच्या. पाटणच्या बाजूला एकदा भर उन्हात आम्हाला एका गायरानावर चढवलं. वर कुसळी गवत, कडेला नांगरलेली रानं आणि वारा, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "बाई, मासे खाली आहेत."

"आणि माती वर आहे. ती खाली गेली तर अंडी बुजणार."

मग त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, झाकण काढलं आणि उतारावर ओतली. पाणी कुठे जिरतं, कुठून पळतं, ते वाकून बघत राहिल्या. उताराला आडवं नांगरलेल्या रानात एक बाटली, उभं नांगरलेल्या रानात दुसरी. दुसरी ड्रायव्हरची होती. तो म्हणाला, "बाई, गाडीच्या रेडिएटरला तरी ठेवा." खाली येईस्तोवर आम्हा दोघांची जीभ टाळ्याला चिकटली होती आणि बाई मात्र खुशीत सांगत होत्या की या नदीचं दुखणं त्या उभ्या नांगरटीत आहे.

प्रत्येक वेळी त्या बरोबरच असायच्या, असं मुळीच नाही. आटपाडीकडे एका कोरड्या ठणठणीत ओढ्यात त्यांनी आम्हाला खणायला लावलं. मरळ मासा चिखलात खोल दडी मारून उन्हाळा काढतो, तो इथे असणार, असं त्यांचं म्हणणं. ओढ्याच्या काठाला एक मेंढपाळ बसून आमची गंमत बघत होता. दुपार झाली, कमरेएवढा खड्डा झाला, मासा सोडा, ओलही लागली नाही.

"घावला का मासा?" मेंढपाळानं विचारलं.

"मासा नाही. पत्ता चुकला," बाई म्हणाल्या आणि त्याच्याजवळ बसून त्याचीच भाकरी मोडून खायला लागल्या. मग पावसाळा सरल्यावर या ओढ्याचं पाणी सगळ्यात शेवटी कुठे आटतं, ते त्याच्याकडून विचारून घेतलं. चुकल्याचं त्यांना काही वाटायचं नाही. "चुकलं" हा शब्द त्या "भूक लागली" म्हटल्यासारखा म्हणायच्या. मला तो कधी तसा म्हणता आला नाही.

माणसांना त्या माशांची नावं द्यायच्या. आमचा ड्रायव्हर वाम, कुठूनही निसटतो म्हणून. आमचे वरिष्ठ मरळ, पाणी आटलं तरी खुर्चीच्या चिखलात जिवंत म्हणून. मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही चिलापी," त्या म्हणाल्या. "कुठल्याही पाण्यात जगता."

मला ते कौतुक वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई हुशार आहेत."

आता बंधाऱ्याचं.

कृष्णेला येऊन मिळणारी एक लहान नदी आहे. तिच्यावर कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. खांबांच्या मधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, एकावर एक घालायच्या आणि पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी त्या काढून नदी मोकळी करायची. बंधाऱ्याच्या खाली एक खोल डोह आहे, आणि त्या डोहात खडस राहायची. पुस्तकात तिला महासीर म्हणतात. मोठ्या खवल्यांचा, ताकदीचा, स्वच्छ आणि वाहत्या पाण्याचा हट्ट धरणारा मासा. आमच्या सगळ्या पाहणीत एवढी चांगली जागा दुसरी सापडली नव्हती.

काठावर भोयांची घरं. मासेमारीवर जगणारी. बाई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांच्यातला एक पोक्त माणूस, सगळे त्याला कारभारी म्हणत, त्याला त्या म्हणाल्या, "एवढ्या डोहात जाळं टाकू नका. बाकी नदी तुमची. इथली खडस वाढली तर खाली-वर सगळीकडे पसरेल. पाण्याची जबाबदारी माझी."

"शबुद देताय?"

"देते."

कागद नाही, सही नाही. भोयांनी डोह सोडला. पोटाला चिमटा काढून सोडला, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

बाईंना त्या बंधाऱ्याच्या तळाच्या पाण्याची धास्ती होती. उन्हाळाभर पाणी उभं राहतं, वरच्या गावांचं सांडपाणी आणि पालापाचोळा तळाशी कुजतो. वरून पाणी निळं, तळाला काळं. त्यांनी दोरीला धोंडा आणि बाटली बांधून तळाचं पाणी वर काढलं आणि आम्हा सगळ्यांच्या नाकाखाली धरलं. सडक्या अंड्यांचा वास. "हे एकदम खाली गेलं तर डोहातला मासा श्वास कोंडून मरेल," त्या म्हणाल्या. म्हणून त्यांचा नियम: बरगे वरून काढायचे, एकेक थर, मध्ये दिवस सोडून. वरचं चांगलं पाणी आधी जाऊ द्यायचं. तळाचे बरगे अगदी शेवटी, तेही नदीला पावसाचं नवं पाणी आल्यावर.

त्या वर्षी वरचे दोन थर काढले आणि बाईंना बैठकीसाठी पुण्याला जावं लागलं. जाताना मला म्हणाल्या, "तळाच्या बरग्यांना कुणी हात लावायचा नाही. तुम्ही इथेच थांबा."

मी थांबलो. पण त्याच नदीवर, डोहाच्या खालच्या अंगाला, आष्ट्याच्या बाजूला माझी सासरवाडी आहे. तिथल्या देवाची यात्रा त्याच आठवड्यात होती, आणि यात्रेच्या दिवशी पालखी घाटावर नदीत न्हाऊ घालायची रीत. घाट कोरडा पडला होता. वरच्या दोन थरांचं पाणी आलं ते वाळूनं पिऊन टाकलं.

यात्रेच्या आदल्या दुपारी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गावातली माणसं, पुढे माझा मेव्हणा.

"दाजी, देव काय घागरीनं न्हाऊ घालायचा व्हय?"

"अरे, दोन दिवस थांबा. बाई येऊ देत."

"पालखी उद्या हाय. बाईसाठी देव थांबतोय व्हय? आवं, तुमी हितं सायेब असून घाट कोरडा, म्हंजी आमी गावात तोंड कसं दाखवायचं? लोक म्हनत्यात, जावई नुसता नावाला."

बाकीचे हसले. मीही हसलो. पाण्याला वास आहे, मासा मरेल, हे मला माहीत होतं. मी ते बोललोही. मेव्हणा म्हणाला, "एका दिसानं काय मरतंय?" आणि मला ते खरं मानायला सोपं गेलं. जावयाला सासरवाडीत नाही म्हणता येत नाही, ही सबब मी नंतर स्वतःला बरीच वर्षं दिली. नाही म्हणता येतं. मी म्हटलं नाही.

"काढा," मी म्हणालो.

त्यांनी साखळ्या लावून तळाचे बरगे ओढले. पाणी सुटलं ते शाईसारखं. पालखी दुसऱ्या दिवशी नदीत न्हाली, गुलाल उधळला, माझ्या नावाचा नारळही फुटला. आणि त्याच सकाळी डोहावर खडस पांढरं पोट वर करून तरंगत होती. वाम, शिंगटे, बोटाएवढी पिलं, सगळं. काठाला लागून एक पांढरा पट्टाच तयार झाला होता.

बाई पुण्याहून थेट तिथे आल्या. भोई जमले होते. कारभारी पुढे झाला. आवाज चढवला नाही त्यानं.

"बाई, तुमच्या शबदावर आमी जाळं वाळत घातलं. पोरास्नी उपाशी ठिवलं. आन् तुमच्याच बंधाऱ्यानं मारलं. कुनी काढलं बरगं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघत होतो. त्यांना कळायला तेवढं पुरलं.

"मी काढायला सांगितले," त्या म्हणाल्या.

परत येताना जीपमध्ये मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "कुणी काढले यावर गाव महिनाभर भांडेल. तुमची सासरवाडी आणि हे भोई एकमेकांची डोकी फोडतील. आणि पाणी काळं का झालं, हे कुणीच विचारणार नाही. मला तो प्रश्न जिवंत ठेवायचाय." मग म्हणाल्या, "तुम्ही ते तिथे सांगितलं असतंत तर गोष्ट वेगळी होती."

तो प्रश्न काही फार दिवस जिवंत राहिला नाही. ठपका ठेवून बाईंना नदीवरून काढून ऑफिसात टेबलावर बसवलं. टेबलाला वाहतं पाणी नसतं. त्यांनी लवकरच नोकरी सोडली आणि वाईला गेल्या. त्यांची जागा मला मिळाली.

पुढे मी बरगे बाईंच्याच पद्धतीनं काढत राहिलो. दरवर्षी, वरून, एकेक थर. सासरवाडीला पालखीसाठी टँकर न्यायला लावला आणि मेव्हण्यानं वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. वरच्या गावांच्या सांडपाण्यासाठी खेटे घातले. हळूहळू डोहात खडस परत आली. लोकांनी ते माझ्या नावावर लावलं. शाली मिळाल्या, नारळ मिळाले. मी ते घेतले.

बाईंना भेटायला वाईला मात्र मी गेलो नाही. साताऱ्याहून वाई ती काय लांब! एकदा वाईतच एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा कृष्णेच्या पुलावरून जाताना बाई खाली पाण्यात दिसल्या. तोच शर्ट, तेच वाकणं. मी कठड्याला धरून उभा राहिलो. आणि वरूनच बघून परत आलो.

या उन्हाळ्यात मेव्हण्याचा फोन आला. आता तोही थकला आहे. "दाजी, डोहावर बोर्ड लावायचाय. गावानं ठरवलंय. तुमचं नाव मोठ्या अक्षरात. या."

मी गेलो. बैठक डोहाच्याच काठाला, करंजाच्या सावलीत होती. सासरवाडीची माणसं होती, भोई होते. कारभारी अजून आहे, काठी टेकत आला होता. मेव्हण्यानं माझ्याबद्दल चांगलं बोलायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं आणि उभं राहून सांगितलं की त्या वर्षी तळाचे बरगे मी काढायला लावले, बाईंनी नाही. बाई तेव्हा पुण्याला होत्या. त्यांनी माझं स्वतःवर घेतलं.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तो झाला नाही. मेव्हणा पायाकडे बघत होता. मग कारभारी म्हणाला, "सायेब, आमी बंधाऱ्याखाली ऱ्हातो. आंधळं न्हाई. टॅक्टर कुनाचा हुता, साकळी कुनी लावली, सगळं बघितलंय."

"मग त्या दिवशी विचारलंत कशाला?"

"कोन खरं बोलतंय त्ये बघाया."

मेव्हणा हळूच म्हणाला, "कारभारी, जाऊ द्या की आता."

"जाऊ दिलंच की रं गड्या. इतकी वर्सं." म्हाताऱ्यानं काठीनं डोहाकडे दाखवलं. "सायेब, खडस तुमच्या बरग्यानं आली आसंल. पन डोहात जाळं पडलं न्हाई, त्ये कशानं? बाईचा शबुद तुमी मोडला. आमी न्हाई मोडला."

बोर्डावर माझं नाव नको, बाईंचं असावं, असं मी म्हटलं. मेव्हणाच म्हणाला, "आदी त्यास्नी इचारा तरी."

निघण्याआधी मी बंधाऱ्याखालच्या उथळ पाण्यात उतरलो. मेव्हण्यानं दंड धरला होता. "आवं, पडशीला." एक धोंडा उचलून पालथा केला. त्याच्या पोटाला तीन शेपट्यांचे किडे पळत होते. माझ्या पायाला गोळा आला, मेव्हण्यानं मला ओढून काठावर घेतलं, आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी वाईला गेलो. या खेपेला पुलावर थांबलो नाही. घाटाच्या पायऱ्या एकेक करत खाली उतरलो. बाई शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, शर्टाच्या खिशात गाळणी.

"या," त्या म्हणाल्या, जणू मी चहा घेऊन येतो म्हणून आत्ताच वर गेलो होतो. "खाली यायला फार वेळ लावलात."

मी सगळं सांगितलं. बैठकीत काय बोललो, कारभारी काय म्हणाला, बोर्ड. त्यांनी मध्येच एकदाही थांबवलं नाही.

"नाव नको," त्या म्हणाल्या. "ना तुमचं, ना माझं. नावं वाचून लोक पुढे जातात. बोर्डावर लिहा, बरगे वरून काढावेत, एकेक थर, तळाचे शेवटी. पुढच्या माणसाला उपयोग होईल. दगड उलटून बघितलात का?"

"बघितला."

"काय होतं?"

"तीन शेपट्यांचे. पुष्कळ."

बाईंचा चेहरा तसाच खुलला, पूर्वीसारखा. मला वाटलं, संपलं, आपण सुटलो. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं,

"आणि परत ठेवलात ना, होता तसा?"

पायाला गोळा आला होता, मेव्हण्यानं ओढलं होतं, हे सगळं सांगता आलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "चुकलं."

"मग इथे काय करताय?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी परत डोहावर गेलो. धोंडा शोधावा लागला नाही. शेवाळानं काळपट झालेल्या इतर धोंड्यांत तो एकटाच उघड्या पोटाचा, फिक्कट, लांबूनच दिसत होता. मी त्याचा खळगा हातानं चाचपला, धोंडा पालथा केला आणि बसवला.